बर्फाकडची बाजू

निपाणी,
मंगळवार, ८ मे १९८४

प्रिय तारा,

पत्र बघून दचकली असशील. परवा रविवारीच तर तासभर बोलत बसलो होतो, मग दोन दिवसांत हिला आणखी काय सुचलं, असं म्हणशील. म्हण. पण आधी एका जागी बस आणि शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे. अर्धं पत्र वाचायचं, उरलेलं जेवल्यावर वाचीन म्हणून उशीखाली सरकवायचं आणि विसरून जायचं. हे तसं सरकवू नकोस. गुरुवारी संध्याकाळी तुझी गाडी आहे, त्याआधी हे पुरतं वाचून व्हायलाच पाहिजे. सोबत सुतळीनं बांधलेली एक गुंडाळी आहे. एसटीचे मारुतीराव ड्रायव्हर तुझ्या आत्यांच्याच गल्लीतले, म्हणून त्यांच्या हाती दिलीय. गाडीपर्यंत तू आत्यांकडंच, तेव्हा खासबागेत घरपोच देतो म्हणालेत. गुंडाळी एवढ्यात सोडू नकोस. आधी पत्र.

इकडं लग्नसराईनं नुसता उच्छाद मांडलाय. परसात कापसाचे ढीग, माजघरात खोळींचे तागे, जेवायला बसलं तर आमटीतसुद्धा कापूस. आमच्या आप्पांना निपाणीत पद्मराज असं कुणी म्हणतच नाही, गादीवाले म्हणतात, आणि त्यांना त्याचा कोण अभिमान! गिऱ्हाईक आलं की गादीवर मूठ दाबायची, कापूस फुगून वर आला की म्हणायचं, बघा, जिवंत हाय. मग दुकानाची ती रीत. घेणाऱ्यानं गादीवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि एकदा मनात णमोकार म्हणायचा. जैन नसेल त्यानं आपापल्या देवाचं नाव घ्यायचं. त्याशिवाय आप्पा गादी विकत नाहीत. परवा चिकोडीकडची एक वरमाय भर दुकानात नऊवारी सावरत आडवी झाली आणि उठेचना, घोरायला लागली. आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. तर सांगायचं काय, मऊ आणि जाड एवढ्या दोनच गोष्टींवर आमच्या घराचं पोट चालतं. जितकी जाड तितकी ऊब, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. ते खोटं असतं हे मला कणकुंबीला कळलं.

कणकुंबीचा जानेवारीतला एनसीसी कॅम्प आठव. मी ऐटीत घरून सावरीच्या कापसाची छोटी गादी नेली होती, आप्पांनी स्वतः भरलेली. तू आणलं होतंस तुमच्या शेतावरचं जुनं घोंगडं, त्याला तंबाखूचा वास. सगळ्या पोरी तुला हसल्या. त्यांत मीही होते. पहाटेपर्यंत जमिनीची ओल माझ्या गादीत अशी चढली की पिळली असती तर तांब्याभर पाणी निघालं असतं. मी कुडकुडत बसून होते आणि शेजारी तू, दगड पाठीखाली घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होतीस. मी तुला दोनदा हलवलं. तू कूस बदललीस, बस. तारा, तुझी ती झोप बघून मला अशी काही आग लागली होती की काय सांगू. तुझी लांब वेणी, तुझं इंग्रजी, तुला अभ्यास न करता पडणारे मार्क, हे सगळं मी पचवलं होतं. पण ती झोप नाही पचली. मी गादीवाल्याची मुलगी, आणि मला झोप म्हणजे मांजराची. भांडं वाजलं की जाग. तू मात्र कुठंही टाकलं तरी झोपतेस. तेव्हापासून जळते मी तुझ्यावर. लिहून टाकते एकदाचं.

सकाळी कॅम्पवर आपल्याला शिकवणाऱ्या नागोजी सुभेदारांनी माझी ओली गादी काठीवर वाळत घालताना जे म्हटलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. "पोरी, वरनं कितीबी पांघर, थंडी खालनं चढती. बर्फात तर लईच." आणि असंही म्हणाले की डोंगर चढणारे लोक अंथरूण खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच घेतात, पाय सामानाच्या पिशवीवर टाकतात, वजन वाचवायला. मी ऐकत राहिले, तू चहा पीत होतीस. मग शेवटचे दोन दिवस ती पाठीवर बोजा घेऊन गुंजी स्टेशनपर्यंतची चाल. मी पहिली पोचले. तू वीस मिनिटांनी आलीस, दोन्ही टाचांना फोड, आणि वर हसत होतीस.

फेब्रुवारीत नावं लागली. हिमालयातल्या चढाईच्या कोर्सला आपल्या बटालियनमधून एकच मुलगी. पहिलं नाव माझं, राखीव म्हणून तुझं. तू मला अशी कडकडून मिठी मारलीस की माझा चष्मा वाकला. मी तुला विचारलं होतं, काय गं, जळत नाहीस? तू म्हणालीस, "न्हाय बा, तू जा, मी झोपते." मला ते त्या दिवशी गंमतीचं वाटलं. नंतर ते वाक्य माझ्या घशात अडकून बसलं. मला असं कधीच म्हणता आलं नसतं, तुझ्या जागी असते तर.

मग मी एक उद्योग केला तो तुला सांगितला नव्हता. कोर्सच्या यादीत दोर, बूट, झोपायची पिशवी सगळं तिकडंच मिळणार होतं, घरून आणायची होती ती एक हलकी गादी. म्हटलं गादी आणायची तर गादीवाल्याच्या मुलीनं अशी आणावी की बघणाऱ्यानं बघत राहावं. मार्चमध्ये दर शनिवारी कॉलेजातून घरी आले की बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणायची, परसात भुशावर ठेवायची, आणि एकेक अंथरूण तिच्यावर पसरून घड्याळ लावून बसायचं. कापसाची गादी, काथ्याची, घोंगडं, दुकानातला पिवळा स्पंज, गोणपाट, सगळं झालं. बसायचं, उठायचं, खालून हात लावून बघायचं, दाबून पाणी निघतं का बघायचं, मग कापसाच्या तराजूत टाकून वजन करायचं. आमच्याकडं खोळी शिवायला येणाऱ्या मालुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय वो ताई, खुडूक कोंबडीगत बर्फावर बसलाय, काय उबवायलाय?" आईला वाटलं उन्हाळा माझ्या डोक्यात गेला. आणि खरं सांगू, त्या महिन्याइतकी खूश मी जन्मात नव्हते. पायाखाली कापसाचा भुगा आणि बुडाखाली बर्फ, पण मी हिमालयात होते.

एप्रिलच्या सुरुवातीला वडिलांच्या सहीचा कागद द्यायचा होता. आप्पांनी तो तीन दिवस तराजूच्या वजनाखाली दाबून ठेवला. चौथ्या दिवशी म्हणाले, जयसिंगपूरचं स्थळ यायचंय, पोरगी परमुलखात बर्फात झोपली म्हणून कळलं तर कोण दारात उभं राहील? मी रडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी आप्पांनी समजूत काढायला म्हणून सांगितलं, "अगं, मुनिमहाराज नुसत्या पाटावर झोपतात, ते वैराग्य. तुला कसलं वैराग्य आलंय? घरात एवढ्या गाद्या हायत, हवी त्यावर झोप की." साऱ्या तालुक्याला झोपवणारा माणूस, त्याला एवढं कळेना की मला त्याच्या एकाही गादीवर झोप लागत नव्हती. कागद कोराच परत गेला, माझी जागा राखीव म्हणून तुला मिळाली. आणि तुझे अण्णा! रायगोंडा अण्णांनी म्हणे खळ्यात तंबाखूच्या गच्च भरलेल्या बोदावर कागद ठेवून, चष्मासुद्धा न लावता सही ठोकली आणि अर्ध्या कानडीत म्हणाले, "होगली बिडु, जातीया तर जाऊ दे की." तूच हसत हसत सांगितलंस मला. कौतुकानं सांगत होतीस, मला कळत होतं. पण तुझ्या अण्णांची ती एक सही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मला वाटायचं मी तुझ्यावर जळते. नाही गं. तुझ्या वेणीवर, तुझ्या मार्कांवर जळणं हा पोरखेळ होता. मी जळते ती तुझ्या बापावर.

आणि रविवारी तू आमच्या दुकानात आलीस. हातात यादी, पायात नवे बूट, सवय व्हावी म्हणून घरापासून घालून आलेले. आप्पांच्या पाया पडलीस. मग माझ्याकडं वळून म्हणालीस, कांते, तूच निवड, तूच यातली जाणती. माझ्याच जागी जायचं, माझीच यादी, आणि गादीही मीच निवडायची! तुझ्या मनात तसलं काही नव्हतं हे मला माहिती आहे. तुझ्या मनात काही नसतंच, तीच तर पंचाईत आहे. नुसतं हसतेस आणि समोरचं माणूस आतून जळून कोळसा होतं.

मी तुला दोन बोटं जाडीचा तो पिवळा स्पंज काढून दिला. आप्पांनी मूठ दाबली, स्पंज टुणकन वर आला, ते म्हणाले, जिवंत हाय. वजनाला पिसासारखा, म्हणून तू हरखलीस. रीतीप्रमाणं तू त्यावर आडवी झालीस, डोळे मिटलेस, आणि णमोकार पुरा व्हायच्या आधी तुला झोप लागली. मे महिन्याची दुपार, खाली तापलेली फरशी. आप्पा म्हणाले, पसंत पडली. त्याच वेळी मालुबाई खोळ शिवता शिवता थांबल्या आणि "पर ताई, ती तुमची बर्फावरची..." एवढं बोलल्या. मी त्यांना मधेच तोडलं आणि आत पाण्याला पाठवलं. तुला वाटलं असेल, हिला पाहुणीच्या पाण्याची केवढी काळजी. मग मी स्वतः मशीनवर बसून त्या स्पंजला निळी खोळ शिवली, कडेला पांढरी पट्टी, गुंडाळून बांधायला नाड्या. इतकी झकास खोळ मी आयुष्यात शिवली नव्हती. तू निघताना माझा गालगुच्चा घेतलास. एसटी वळेपर्यंत मी दारात उभी होते आणि मला छान वाटत होतं. व्हय, छान वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

आता बर्फावर काय निघालं होतं ते ऐक. कापूस दहा मिनिटांत ओला. घोंगडं उबदार, पण एकदा भिजलं की वजन दुप्पट. आणि तो पिवळा स्पंज सगळ्यात फसवा. पहिली दहा मिनिटं राजाच्या गादीसारखा वाटतो. मग अंगाखाली चपटा होतो, खालचं पाणी शोषतो, आणि अर्ध्या तासात आपण बर्फाच्या पाण्यात भिजलेल्या फडक्यावर बसलेलो असतो. हे मी तीनदा करून पाहिलं होतं. वहीत तारखेसकट लिहिलं होतं. आणि तरी रविवारी तो स्पंज मी माझ्या हातानं काढून दिला. चुकून नाही. मला वाटलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिला थंडी बाधेल, ताप येईल, नाव काढून परत पाठवतील. मग मी स्टेशनवर घ्यायला येईन, डोक्यावर पट्ट्या ठेवीन, बिचारी म्हणीन. बिचारी झाली असतीस तर मी तुझ्यावर किती माया केली असती, तारा! सगळं ठरवून झालं होतं माझं.

काल सोमवारी आप्पा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होते, आमच्या पोरीनं मैत्रिणीला गादी करून दिली, आता ती बर्फात राणीगत झोपंल. दिवसभर तेच. दुपारी मला राहवेना. तुझ्या स्पंजाची कापून उरलेली पट्टी होती, ती घेतली, बर्फाची लादी मागवली आणि पट्टीवर नुसता हात ठेवून बसले. थोड्या वेळानं हात ठणकायला लागला. मग दुखणं थांबलं. मग बोटं माझी राहिलीच नाहीत. मी हात उचलला तो घाबरून, ठरवून नाही. आणि तेव्हा मला कणकुंबी आठवली. मी तुला दोनदा हलवलं होतं आणि तू उठली नव्हतीस. मी असते त्या बर्फात तर थंडी नुसती पाठीला शिवताच ताडकन उठून बसले असते, माझी झोप मांजराची. तुझी नाही. तुला झोप लागली की थंडी खालून चढत राहील आणि तू कूस बदलशील, बस. हे मी रविवारी धरलंच नव्हतं. मी फक्त तापाचा हिशेब केला होता. भुशात बसून मला हुंदका आला. मालुबाई बाहेर आल्या, माझा हात पदरात धरून चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "अजून गाडी गेली न्हाय नव्हं?"

म्हणून हे पत्र. आता गुंडाळी सोड. काळं, कुरूप, चपटं असं जे निघालंय ते रबर आहे, हवाई चपला ज्यातून कापतात त्याचं आख्खं शीट. स्टँडवर मष्णूमामा चपला विकतो ना, तो पावसाळ्यात ओल्या फुटपाथवर ह्याचाच तुकडा घालून बसतो. मी मार्चमध्ये त्याला विचारलं तर म्हणाला, "वरनं ढग फुटू दे, बूड कोरडं." मी दोन शीटं पंक्चरच्या सोल्युशननं एकाला एक जोडली. तासभर बर्फावर ठेवलं, वर बसले, परकर कोरडा. मूठ दाबली तर जेमतेम दबतं, आप्पा ह्याला मेलेलं म्हणतील. स्पंजापेक्षा जड आहे, पाऊण किलोनं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच पुरेल, पाय पिशवीवर टाक, सुभेदार म्हणाले तसे. तुझी उंची माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त आहे, तेवढं चालवून घे. तो स्पंज आत्यांच्या मांजराला दे आणि निळी खोळ ह्याला घाल, मापात बसेल, मी ती आधी ह्याच्याच मापानं कापून ठेवली होती, रविवारी स्पंजच तिच्या मापाला कापला. हे मी माझ्यासाठी केलं होतं तारा, जायचं ठरलं होतं तेव्हा. उलटून बघ, एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं माझं नाव आहे. काल रात्री ते खोडायला घेतलं होतं. ब्लेडनं पहिलं अक्षर थोडं खरवडलं आणि थांबले. नाही खोडलं. मी अजून जळते तुझ्यावर, पत्र लिहून ते काही विझलं नाही, आणि वर पोचलीस तर महिनाभर तरी मला काही सांगू नकोस, मला सोसायचं नाही. माफ करणं न करणं तू आल्यावर बघू. फक्त एवढं कर. अंथरताना नाव वर ठेवू नकोस. नावाची बाजू खाली ठेव, बर्फाकडं. माझं एवढं तरी तिथं टेकू दे.

जळणारी, तरी तुझीच,
कांता